दहा तारखेच्या रात्रीची आवृत्ती

अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाचा हिशेब दहा दिवसांनी होतो. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यापासून श्रीगोंद्यापर्यंत गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ किटल्या आणि कॅन येतात, थोडासा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे स्निग्धांशेतर घन पदार्थांचे, आकडे उमटतात, काट्यावर लिटर कळतात आणि लहानशा प्रिंटरमधून पावती बाहेर पडते. उत्पादक ती घडी घालून खिशात ठेवतो. दहा दिवसांच्या वीस पावत्यांची बेरीज बिलाशी जुळली नाही, तर तो संगणकाला दोष देत बसत नाही, केंद्रचालकाला धरतो. केंद्रचालक मग अहिल्यानगर शहरातल्या सावेडीत फोन लावतो.

सावेडीतल्या त्या कार्यालयात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार होते. माणसे मोजकीच. मुख्य प्रोग्रामर या धंद्यात आला तो व्हीबी सिक्सच्या काळात. तेव्हा सगळे सॉफ्टवेअर म्हणजे एक एक्सई फाइल आणि तिच्या शेजारी ॲक्सेसची डेटाबेस फाइल. बदल झाला की नवी एक्सई पेनड्राइव्हवर घालून एसटीने गावी पाठवायची, जुनीवर नवी चढवायची, संपले काम. आवृत्तीचा क्रमांक कोणी विचारत नसे. विचारलाच, तर फाइलची तारीख सांगितली जाई.

हे फार दिवस चालणार नव्हते. एका संस्थेला फक्त संकलन हवे होते. दुसरीला पशुखाद्याची उधारी बिलातून कापायची होती. तिसरीचे बिल मुख्य कार्यालयात निघे आणि संकलन बारा गावांत होई. एकच भलीमोठी एक्सई सगळ्यांच्या गळ्यात मारण्यात अर्थ नव्हता. सॉफ्टवेअर डॉटनेटवर आणताना त्याने तिचे तुकडे केले. सूत्रे आणि कोष्टके ठेवणारा 'गाभा', मग संकलन, यंत्रजोड, सभासद, पशुखाद्य-कपात आणि बिल. पुढे २०२४ मध्ये त्यात सातवा तुकडा आला, अनुदान. प्रत्येक मॉड्यूलचा विकास वेगळा, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा आवृत्ती क्रमांक.

क्रमांक देण्याची पद्धतही त्याने शिस्तीत घेतली. या क्षेत्रात सर्वाधिक मानला जाणारा नियम टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेला आहे. तीन आकडे, मध्ये टिंबे. हे मॉड्यूल वापरणाऱ्या दुसऱ्या कोडला जुळवून घ्यावे लागेल असा बदल झाला तर पहिला आकडा वाढतो. जुने सगळे चालू राहून नवी सोय आली तर दुसरा. नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. नियमावलीची २०१३ची आवृत्ती स्वतःही याच पद्धतीने २.०.० म्हणून ओळखली जाते. कागदावर याच्यासारखे स्वच्छ काही नाही. कार्यालयात बसून गाभा १.८.० आणि संकलन ३.२.१ असे लिहिताना प्रोग्रामरला आपले घर नीट लावल्याचे समाधान मिळे.

गावातून फोन आला की मात्र चित्र वेगळे दिसे.

सकाळी सहाची वेळ. संगमनेर तालुक्यातल्या एका केंद्रावर पावतीवर दर येतोय, पण रकमेच्या रकान्यात शून्य. फोन घेणारी सहकारी विचारते, "नाना, स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात आकडा दिसतोय का? तेवढा वाचून दाखवा."

"कोणता वाचू ताई? इथं चार ओळी हायेत. संकलन तीन पॉइंट दोन पॉइंट एक. गाभा एक पॉइंट आठ. खाली बिल का काय तरी लिहिलंय."

"गाभ्याचा शेवटचा आकडा सांगा."

"शेवटचा शून्य. नाही, आठ. चष्मा घरी राहिलाय. बाहेर रांग लागलीय, दूध घेऊ का थांबवू?"

नानांनी सांगितलेले आकडे खरे असले, तरी त्यांवरून लगेच काही ठरवता येत नसे. संकलन ३.२.१ हे गाभा १.८.० बरोबर चालते, १.७ बरोबर चालते पण रक्कम गोल करताना चुकते, आणि १.८.१ बरोबर कधी तपासलेलेच नाही, हे सगळे सहकारीच्या संगणकावरच्या एक्सेल तक्त्यात होते. तक्ता दर महिन्याला रुंद होत गेला. सात मॉड्यूल आणि प्रत्येकाच्या गावोगाव चालणाऱ्या तीन आवृत्त्या धरल्या, तर जोड्या होतात २,१८७. यातल्या बहुतेक प्रत्यक्षात कुठेच नसतात. पण आपल्यापुढची जोडी त्यांतली कोणती, हे फोनवर ओळखावे लागे, तेही रांग लागलेली असताना.

जुळणाऱ्या मॉड्यूलच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या काय करू शकतात याचे जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले आहे. जुलै २०१२च्या अखेरीस नाइट कॅपिटल या कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. चढवला गेला तो सातांवर. आठव्यावर अनेक वर्षे न वापरलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या कोडने वापरायला घेतलेली एक खूण त्या जुन्या कोडला वेगळ्याच कामाची सूचना वाटली. १ ऑगस्टला सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर गेले. सातही सर्व्हर आपल्या जागी बरोबर होते, आणि आठव्यानेही त्याला पूर्वी शिकवलेले होते तेच केले.

सावेडीतल्या मंडळींच्या बाबतीत प्रश्न ऐरणीवर आला तो २०२४ च्या दूध अनुदानाने.

२०२३च्या शेवटी गाईच्या दुधाचे दर कोसळले होते. राज्यात उत्पादक रस्त्यावर उतरत होते. अकोले तालुक्यातल्या कोतूळला जुलै २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी धरणे धरले. दुग्धविकास खाते तेव्हा याच जिल्ह्यातल्या लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे होते. शासनाने जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. पुढे १ जुलैपासून ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला संघांनी ३० रुपये द्यायचे आणि शासनाने ५ रुपये घालायचे असे ठरले. १ ऑक्टोबरपासून पुन्हा बदल झाला. संघाचे २८, शासनाचे ७.

उत्पादकाच्या दृष्टीने बेरीज दोन्ही वेळा तीच, ३५. बिलाच्या मॉड्यूलच्या दृष्टीने मात्र सगळे बदलले होते. अनुदान संस्थेच्या हातून जात नव्हते, ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जमा होत होते. म्हणजे बिलात ३० ऐवजी २८ धरायचे, अनुदानाचा रकाना माहितीपुरता दाखवायचा आणि तो बेरजेत घ्यायचा नाही. अनुदान फक्त गाईच्या दुधाला, त्यामुळे एकाच घरातून गाय आणि म्हैस दोन्ही येत असतील तर नोंदी वेगळ्या काढायच्या. शिवाय गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लागणार. सभासदाच्या मॉड्यूलमध्ये तोवर माणसाचे नाव, खाते आणि आधार होते. जनावराला जागाच नव्हती.

अनुदानाचे मॉड्यूल असे जन्माला आले, आणि आल्या आल्या त्याने शेजाऱ्यांना हलवले. त्याला नवा सभासद लागे. नव्या सभासदाला नवा गाभा लागे. संकलन मात्र जुन्या गाभ्यावर नीट चालले होते आणि भर हंगामात त्याला हात लावायची कोणाची तयारी नव्हती. दोन वाटा एकाच गाभ्याकडे जात होत्या, एक नवा मागत होती, दुसरी जुना. विंडोजच्या एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच डीएलएल, म्हणजे मॉड्यूलची फाइल, राहते. दोन मॉड्यूलनी आपापला गाभा सोबत आणला, तर शेवटी जो कॉपी झाला तो जिंकतो. कोण शेवटी कॉपी झाला हे केंद्रचालकाने कोणती झिप फाइल आधी उघडली यावर ठरते, आणि ती झिप त्याला व्हॉट्सॲपवर मिळालेली असते.

याच काळात गाभ्यातल्या एका ओळीने प्रोग्रामरचा पुस्तकी नियमावरचा विश्वास हलवला. ज्या केंद्रांवर दुधाची 'डिग्री', म्हणजे सीएलआर, लॅक्टोमीटरने पाहतात, तिथे एसएनएफ सूत्राने काढावा लागतो. रिचमंडच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सोपे आहे. डिग्री भागिले चार, अधिक फॅटची ०.२ पट, अधिक एक स्थिरांक. गोम त्या स्थिरांकात आहे. व्यवहारात कुठे तो ०.३६ धरतात, कुठे ०.६६. २८ डिग्री आणि ३.५ फॅटचे दूध घ्या. पहिल्या स्थिरांकाने एसएनएफ येतो ८.०६, दुसऱ्याने ८.३६. दूध तेच, गाय तीच, फरक ०.३चा, म्हणजे तीन पॉइंटांचा. कमी पडलेल्या प्रत्येक पॉइंटला ३० पैसे कापले असे धरले, तरी लिटरमागे ९० पैसे झाले. रोज ४० लिटर घालणाऱ्या घराचे दहा दिवसांत ३६० रुपये इकडचे तिकडे.

एका संस्थेने हा स्थिरांक बदलून मागितला. कोडमध्ये बदल किती? एका अंकाचा. फंक्शनचे नाव तेच, त्यात जाणाऱ्या गोष्टी त्याच, बाहेर येणारे उत्तर पूर्वीसारखेच दशांश चिन्हासहित. बाकीच्या कोणत्याही मॉड्यूलला काही जुळवून घ्यावे लागत नव्हते. कंपायलर हूं की चूं करत नव्हता. नियमाप्रमाणे हा तिसऱ्या आकड्याचा बदल, क्षुल्लक दुरुस्ती. आणि गावात याच बदलावर वार्षिक सभेत तासभर वाद होऊ शकतो. नियम चुकीचा नव्हता. तो एका प्रोग्रामरने दुसऱ्या प्रोग्रामरला द्यायच्या शब्दाबद्दल होता. इथे शब्द द्यायचा होता तो पावती घडी करून खिशात ठेवणाऱ्याला.

सगळ्या मॉड्यूलना एकच क्रमांक द्यावा, असे सहकारीचे मत आधीपासून होते. प्रोग्रामरला ते पटत नसे. पशुखाद्यात वर्षभर एक अक्षर बदललेले नसताना त्याचा क्रमांक का वाढवायचा? असा क्रमांक खोटा ठरतो, हा त्याचा मुद्दा. तिचे उत्तर तयार असे. "नानांनी एकच आकडा वाचायचा, सर. बाकीचं आपण बघू."

या वादात जगातल्या मोठ्या प्रकल्पांनीही दोन्ही बाजू घेऊन पाहिल्या आहेत. गूगलच्या अँग्युलर या वेब-चौकटीत अनेक पॅकेजे एकत्र वापरायची असतात. २०१६च्या अखेरीस बाकीची २.३.० वर होती, तर पानांमध्ये ये-जा सांभाळणारे राउटर आधीच ३.३.० वर पोहोचले होते. सर्वांना एका रांगेत आणायचे, तर पुढचा सामाईक आकडा तीन ठेवून चालणार नव्हते. म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये बेल्जियममधल्या परिषदेत इगोर मिनार यांनी जाहीर केले की अँग्युलर दोनवरून थेट चारवर जाईल. मार्च २०१७ मध्ये अँग्युलर ४ आले. तीन नावाचे अँग्युलर कधी झालेच नाही. हा किस्सा वाचल्यावर प्रोग्रामरला बरे वाटले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी एका मॉड्यूलच्या पुढे धावण्याची किंमत मोजावी लागली होती.

जावाच्या दुनियेतल्या स्प्रिंग क्लाउडने तिसरी वाट काढली. त्यातले उपप्रकल्प आपापले क्रमांक ठेवतात, पण एकमेकांशी तपासून जुळवलेल्या आवृत्त्यांची एक गाडी सुटते, 'रिलीज ट्रेन'. गाडीला क्रमांक दिला तर तो उपप्रकल्पांच्या क्रमांकांत मिसळून गोंधळ होईल, म्हणून सुरुवातीला नावे दिली गेली, तीही लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांची आणि अक्षरक्रमाने. एंजल, ब्रिक्स्टन, कॅम्डेन, डॉल्स्टन, असे करत हॉक्स्टनपर्यंत. २०२० पासून नावांच्या जागी वर्षाचा आकडा आला. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांसाठी वापरले जाणारे लेर्ना हे साधन तर सुरुवातीलाच ठरवू देते की सगळ्यांना एकच क्रमांक हवा की प्रत्येकाला वेगळा. दोन्ही रीती त्यात अधिकृत आहेत.

सावेडीत शेवटी ठरले ते या तिन्हींचे थोडे थोडे घेऊन. गावात जाते ते मॉड्यूल नव्हे, 'संच'. संचाला दोनच आकडे. स्क्रीनवर त्याची एकच ओळ, मोठ्या अक्षरात, 'संच १२.३'. आतल्या मॉड्यूलचे स्वतंत्र क्रमांक कार्यालयातल्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपणाऱ्या साठ्यात, राहतात, केंद्रावर कोणाला दिसत नाहीत. पहिला आकडा दोनच कारणांनी बदलतो. पावतीवरचा किंवा बिलावरचा एकही पैसा वेगळ्या रीतीने निघणार असेल तेव्हा, किंवा केंद्र आणि मुख्य कार्यालय यांच्यात जाणाऱ्या फाइलची मांडणी बदलेल तेव्हा. बाकी सगळे, मग त्यात महिनाभराचे काम का असेना, दुसऱ्या आकड्यात. स्थिरांकाचा तो एका अंकाचा बदल पहिल्या आकड्यात गेला आणि संचासोबत संस्थेच्या ठरावाची प्रतही मागवून ठेवली गेली.

एकच क्रमांक म्हटल्यावर दर वेळी सगळ्या फाइली पाठवायच्या की काय, हा प्रश्न होता. अकोले तालुक्यातल्या काही केंद्रांवर मोबाइलला रेंज मिळते ती दाराबाहेर येऊन. तिथे शंभर एमबीची फाइल पाठवणे म्हणजे केंद्रचालकाचा अंत पाहणे. म्हणून संचासोबत एक छोटी यादी जाते. त्यात प्रत्येक फाइलचे नाव आणि तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश असतो. केंद्रावरचा संगणक आपल्याकडच्या फाइली यादीशी ताडून पाहतो आणि ज्या वेगळ्या आहेत तेवढ्याच उतरवतो. पशुखाद्याचा संच क्रमांक वाढतो, पण त्याची फाइल जिथल्या तिथे राहते. क्रमांक खोटा ठरण्याचा प्रोग्रामरचा आक्षेप इथे गळून पडला. संचाचा क्रमांक एका मॉड्यूलमध्ये काय बदलले हे सांगतच नाही. संचातली सगळी मॉड्यूल एकमेकांशी तपासलेली आहेत, एवढेच सांगतो.

सॉफ्टवेअर सुरू होताना हीच यादी पुन्हा तपासली जाते. एखादी फाइल जुळली नाही तर काय करायचे, यावर बरीच चर्चा झाली. शहरी कार्यालयांतली सॉफ्टवेअरे अशा वेळी सरळ बंद होतात. दुधाला तसे चालत नाही. रांगेतले दूध परत नेता येत नाही. ठरले असे की संकलन कोणत्याही परिस्थितीत थांबणार नाही. पावती निघेल, तिच्यावर रकमेपुढे एक फुली येईल आणि त्या नोंदी मुख्य कार्यालयातल्या बिलात आपोआप शिरणार नाहीत. आधी कोणीतरी माणूस त्या पाहील.

त्यानंतर प्रश्न उरला वेळेचा. एका बिलाच्या पोटात दोन संचांनी काढलेल्या पावत्या नकोत. म्हणून पहिला आकडा बदलणारा संच फक्त बिलाच्या सीमेवर लागू होतो. दहा तारखेचे संध्याकाळचे संकलन संपल्यापासून अकरा तारखेची पहिली किटली येईपर्यंत, किंवा वीस आणि महिनाअखेरच्या रात्री. फाइली आधीच दोन-तीन दिवसांत उतरलेल्या असतात. रात्री फक्त फिरवाफिरव होते. तरीही सगळी केंद्रे एकाच रात्री बदलतील याची खात्री नसते. कुठे वीज नसते, कुठे संगणकच बंद करून केंद्रचालक लग्नाला गेलेला असतो.

त्यावर त्यांनी बसवलेला क्रम कामाला येतो. आधी वाचणारा बदलायचा, मग लिहिणारा. मुख्य कार्यालयातले बिलाचे मॉड्यूल केंद्रांकडून आलेली फाइल वाचते. ते एका बिलाच्या मुदतीइतके आधी नव्या संचावर नेतात आणि त्याला जुनी आणि नवी, दोन्ही मांडण्या वाचता येतात. मग केंद्रे सावकाश, ज्याला जसे जमेल तशी, नवी मांडणी लिहू लागतात. शेवटचे केंद्र बदलले की पुढच्या संचात जुनी मांडणी वाचण्याचा कोड काढून टाकतात. उलट केले, म्हणजे केंद्र आधी बदलले, तर मुख्य कार्यालयाला न कळणारी फाइल त्याच्या गळ्यात पडते. अनुदानाचा बारा अंकी बिल्ला असाच आला. आधी बिलाच्या मॉड्यूलला त्या नव्या रकान्याकडे दुर्लक्ष करायला शिकवले, नंतर केंद्रांनी तो भरायला घेतला, आणि अनुदानाच्या मॉड्यूलने तो सगळ्यात शेवटी वाचला.

एक मॉड्यूल मात्र या संचाच्या शिस्तीत बसले नाही, आणि ते बाहेरच ठेवावे लागले. यंत्रजोड. दूध तपासणारे यंत्र सिरियल पोर्टवरून संगणकाला आकड्यांची एक ओळ पाठवते. एखाद्या यंत्राच्या ओळीत दशांश चिन्ह नसतेच. ०३५० म्हणजे ३.५० फॅट, ०८५० म्हणजे ८.५० एसएनएफ. यंत्र दुरुस्तीला जाते, परत येताना त्यात नवे फर्मवेअर असते आणि तीच ओळ आता ०३५ अशी येऊ लागते. हे कोणत्या दिवशी होईल ते ना संस्थेच्या हातात, ना सावेडीच्या. त्यासाठी दहा तारखेची वाट पाहता येत नाही, त्याच दुपारी नवे यंत्रजोड द्यावे लागते. म्हणून त्याचा क्रमांक वेगळा, यंत्राच्या नावाशी बांधलेला, आणि स्क्रीनवर तो दुसऱ्या ओळीत दिसतो. फोनवर आता दोन प्रश्न विचारले जातात, 'संच किती?' आणि 'मशीन कोणतं?' दुसऱ्याचे उत्तर नाना यंत्राकडे बघूनच देतात.

ऑक्टोबर २०२४ने या व्यवस्थेची आणखी एक बाजू तपासून घेतली. दर २८ अधिक ७ झाला तो १ तारखेपासून, आणि त्याच महिन्यात जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना निघाली. चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. तिथेच ३१ मे २०२३ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नाव बदलण्याची घोषणा केली होती, राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला आणि केंद्र सरकारच्या संमतीनंतर अहमदनगर कागदोपत्री अहिल्यानगर झाले. संस्थांचे फोन सुरू झाले. बिलाच्या डोक्यावरचे नाव बदलून द्या.

वरवर पाहता ही शब्द बदलण्याची गोष्ट. पण उत्पादक कर्जासाठी बँकेत जातो तेव्हा मागच्या बिलांच्या प्रती मागतो. ऑगस्टच्या बिलाची प्रत नोव्हेंबरमध्ये काढली, तर तिच्यावर कोणते नाव यावे? ऑगस्टमध्ये दिलेल्या मूळ बिलावर अहमदनगर होते. प्रतीवरही तेच हवे, नाहीतर बँकेतला माणूस दोन कागद शेजारी ठेवून शंका काढणार. दराचेही तसेच. ऑगस्टची प्रत ३० रुपयांनीच निघाली पाहिजे, कोणत्याही संचातून काढली तरी.

म्हणजे नाव आणि दर यांना आवृत्तीशी जोडण्यातच चूक झाली असती. ते कोडमध्ये नकोत. ते गाभ्यातल्या एका तक्त्यात गेले, प्रत्येक ओळीपुढे 'लागू दिनांक'. जिल्ह्याला आतला एक क्रमांक असतो, तो कधी बदलत नाही. नाव त्या क्रमांकापुढे तारखेनुसार दिसते. शहराचा ४१४००१ हा पिन आणि गाड्यांवरचा एमएच १६ नामांतरानंतरही तसेच राहिले, कारण तेही नावावर उभे नाहीत. शासनाने उद्या दर पुन्हा बदलला तर नवा संच लागणार नाही, तक्त्यात एक ओळ वाढेल. शासन निर्णय हातात पडेपर्यंत त्याचा लागू दिनांक कधी कधी उलटून गेलेला असतो, तेव्हाही ती ओळ मागच्या तारखेने घालता येते आणि बिलाच्या मॉड्यूलला फरक काढायला सांगता येते.

मग संचाचा पहिला आकडा उरतो कशासाठी? रीत बदलण्यासाठी. २८ की ३० हा तक्त्याचा प्रश्न. कमी एसएनएफची कपात आधी आणि वाहतूक नंतर, की उलट, हा कोडचा. ही वाटणी स्पष्ट झाल्यावर पहिला आकडा फारसा हलत नाही, असे त्यांच्या लक्षात आले.

दिवाळीत संचाच्या क्रमांकाचा उपयोग झाला. संस्था वर्षभरातल्या दुधावर दिवाळीला लिटरमागे काही फरक देतात. तो काढताना बारा महिन्यांच्या पावत्या चाळाव्या लागतात, आणि त्या निरनिराळ्या संचांनी काढलेल्या असतात. पावतीच्या प्रत्येक नोंदीत आता ती काढणाऱ्या संचाचा क्रमांक साठवलेला असतो. एका उत्पादकाने मे महिन्यातल्या रकमेबद्दल शंका काढली, तेव्हा सहकारीने ती नोंद उघडली, संच पाहिला, गिटमधून तोच संच काढून कार्यालयातल्या संगणकावर चालवला आणि पावतीवरचा पैसान् पैसा पुन्हा तसाच काढून दाखवला. उत्पादकाचे समाधान झाले का, ते त्याने सांगितले नाही. पण केंद्रचालकाने त्या कागदावर शिक्का मारून फाइलला लावला.

आता वाद मोबाइल ॲपचा आहे. उत्पादकाला रोजची पावती फोनवर दिसावी म्हणून ते केले. ते संचात बसत नाही. फोन कोणाचा, त्यात जागा किती, ॲप अद्ययावत कधी होणार, यातले काहीच दहा तारखेला बांधता येत नाही. काहींनी ते बसवल्यापासून एकदाही बदललेले नाही. सध्या सर्व्हर प्रत्येक ॲपला त्याचा क्रमांक विचारतो आणि फार जुने असेल तर फक्त लिटर आणि फॅट दाखवतो, रक्कम दाखवत नाही. सहकारीला हे मान्य नाही; रक्कम नसलेली पावती पाहून लोक केंद्रावर भांडायला येतात, त्यापेक्षा जुने ॲप सरळ बंद करावे, असे तिचे म्हणणे. प्रोग्रामर म्हणतो, ज्याच्याकडे जुना फोन आहे त्यानेच लिटर तरी का गमवावेत? दोघांनी मिळून तीन संस्थांकडून यादी मागवली आहे, कोणत्या गावात किती जणांच्या फोनवर कोणते ॲप आहे याची. वीस तारखेचे बिल निघाले की ती पाहून पुढच्या संचासाठी किमान क्रमांक ठरवायचा आहे. दोन संस्थांच्या याद्या आल्या आहेत, तिसरीसाठी सहकारीचे फोन चालू आहेत.